दुलईवर बसलेले बाबा

रत्नमाला : अन् मांडीवर हे काय ठेवलं त्याईच्या?

विनोद : जात्याचा वरचा दगड. हात नको लावू ताई, आत्ताच बराबर बसवला.

रत्नमाला : माणसाच्या मांडीवर जात्याचा दगड?

विनोद : नुसत्या बाबाच्यानं दबत नाही आता. लकवा झाल्यापासून आंग उतरत चाललं त्याईचं. सुरुवातीले एकटे बसले की प्लास्टिकच्या बॅगमधली दुलई पापडावानी होत जाय. आता खाली हवा राहून जाते.

रत्नमाला : बाबा. ओ बाबा. मी आली मेडशीहून. ओयखलं का मले?

देवमन : ओयखलं ना. रत्ना. बस न माय. तिकडं टेप पडेल हाय, त्याच्यावर नको बसू. विनोदले लागते तो.

रत्नमाला : तुमी उतरा खाली पहिले.

देवमन : थांब उलीसक. हवा निंगून राह्यली. आयकू येते पाय, सूं करून. आता हाललो तं पुन्हा भरते.

रत्नमाला : अन् हा गमछा? खिडकीच्या गजाले बांधलं का तुनं बापाले?

विनोद : पडू नये म्हणून. डावी बाजू लुळी हाय, त्याईचा तोल जाते. दोन डाव पडले. दुलईवरच पडले म्हणून वाचले.

रत्नमाला : माह्या सासरी लोकं सांगत होते तं मी भांडली त्याईच्याशी. म्हटलं माहा भाऊ असा नाही. तुमचा तो कुरियरचा जीपवाला, भाऊसिंग, मेडशीच्या स्टँडवर चहा पेता पेता सांगते म्हणे, शेलूबाजारात विनोदभाऊच्या घरी बुडा बसला की पार्सल तयार. सगये हासतात. मले पहिले वाटलं मस्करी करते तो. मी बी हासली रे. माह्याच बापावर मी हासली.

विनोद : मंग आता रड. पण बाहेर जाऊन रड, पिकअपची येळ होत आली.

रत्नमाला : तुले शरम नाही वाटत?

विनोद : तुले धंद्यातलं समजत नाही म्हणून सांगतो. हे दुलई पाच किलोची हाय. तुले वाटंन कुरियरवाला काट्यावर ठेवते अन् पाच किलोचं भाडं घेते. नाही. तो काटा मंग पाह्यते. पहिले मोजायचा टेप काढते, लांबी, रुंदी, उंची. म्हणते, तुहं पार्सल माह्या गाडीत जागा किती खाते ते सांग. फुगेल दुलई दिली तं पाचाचे पंधरा किलो लावते. मंग दुलईपेक्षा भाडं जड. पुण्यातला कस्टमर घेईन का? त्याच मोबाईलवर पानिपतच्या दुलया हाय, सुरतच्या हाय. तिथं ज्याले दाबता येते, त्याचीच इकते.

रत्नमाला : मंग फळी ठेव. सिमेंटची गोणी ठेव. दाबाले बापच सापडला?

विनोद : सगळं करून पाह्यलं. दगडानं पन्नीची बॅग फाटली. फळी घसरते. गोणी ठेवली तं एका जागी मढ्यावानी पडून राह्यते, तिले काय समजते हवा कुठं लपली ते. बाबाले समजते. हे इकडं सरकतात, तिकडं सरकतात, कोपऱ्यातली हवा बी बाहेर काढतात. मी तोंडाले टेप मारतो तवा आपणहून जोर देतात. गोणी जोर देईन का?

देवमन : नाही देत. गोणीत जीव नसते.

रत्नमाला : बाबा, तुमी गप राहा.

देवमन : काहून गप राहू? मी काय आज दाबून राह्यलो का? तू लहान होती, तुले आठवत नसंन. कापसाच्या दिवसात बैलबंडी भराची तं लोकं मले बोलावाले येत. किन्हीराजावरून येत. बंडीवर चढून कापूस खुंदाचा, पायानं, गोल गोल, दांड्याले धरून. कंबरीवरी कापूस लागे. दुसऱ्यानं भरली तं कापूस बाहेर राहून जाय, देवमननं भरली तं बंडीत अजून जागा राहे. मालक म्हणे, देवमन, तुह्या पायात भूत हाय. विनोदनं ह्या बॅगा आणल्या, पहिल्या दिवशी दुलईवर उड्या मारत होता लेकराईवानी. म्याच म्हटलं, सरक. मले बसव. तुले खुंदता येत नाही.

विनोद : आयकलं? म्या नाही बसवलं. हे आपल्या मनानं बसले.

रत्नमाला : एक दिवस बसले असतीन. तुनं वर्ष काढलं.

विनोद : त्याईले गमते इथं. इचार पाहिजे तं. खाटेवर पडून छताकडं पाहात राह्यचे, कोणाशी बोलत नव्हते. आता सकाळी उठले की इचारतात, विनोद, आज किती पार्सल हाय?

रत्नमाला : ओठ काहून फाटले त्याईचे? पार साल निंगून राह्यली.

विनोद : थंडीचे दिवस हाय.

रत्नमाला : बाबा, पाणी पेले का आज?

देवमन : पेतो ना. जीप गेली की पेतो.

रत्नमाला : जीप गेली की म्हंजे? सकाळपासून?

देवमन : सकाळी चहा पेतो. अर्धा.

रत्नमाला : विनोद, पाणी काहून नाही देत?

विनोद : देतो. दुपारी देतो, रात्री देतो. पिकअपच्या पहिले देत नाही. पाणी पेलं की त्याईले लघवीले लागते. मंग दगड काढा, गमछा सोडा, उचलून न्या, आणून बसवा. तोवर दुलई फुगून बसते, पुन्हा पहिल्यापासून. तू उचलून पाह्य एक डाव, मंग बोल.

रत्नमाला : बैलाले बी पाणी दाखवतात रे जुंपाच्या पहिले.

विनोद : बैलाले मी तूप चारत नाही. इचार त्याईले, तुही भावजय धम्मदीपा दोन्ही टाईम भाकरीवर तूप टाकते का नाही.

रत्नमाला : डॉक्टरनं तेल-तूप बंद सांगतलं होतं. माह्यासमोर सांगतलं, की पुन्हा झटका आला तं माणूस हातचा जाईन.

विनोद : डॉक्टरचं काय जाते. त्याले कुठं पार्सल पाठवा लागते.

रत्नमाला : म्हंजे आंग भरावं म्हणून चारून राह्यला तू. जड व्हावं म्हणून.

विनोद : उपाशी ठेवलं असतं तं तेच बोलली असती. तूप चारलं तरी बोलतं.

देवमन : तूप चांगलं राह्यते, रत्ना. शेजारच्या म्हशीचं हाय.

रत्नमाला : बाबा, तुमाले समजत नाही का हा काय करून राह्यला ते?

देवमन : समजते.

रत्नमाला : मंग?

देवमन : मंग काय. समजून काय करू.

विनोद : तुले एक इचारतो ताई. लकवा झाला तवा वाशिमच्या दवाखान्यात तू आली. डझनभर केळं आणले, त्याईचा हात धरून फोटो काढला, मोबाईलवर टाकला, माझे बाबा माझे दैवत. अन् संध्याकाळच्या गाडीनं मेडशीले. तुह्या त्या फोटोखाली दोनशे लोकाईनं हात जोडले. इथं गूमूत कोणी काढलं?

रत्नमाला : तुनं काढलं का धम्मदीपानं?

विनोद : आमच्या घरातल्यानं काढलं. तुह्या घरातल्यानं नाही.

रत्नमाला : ती घरात हाय का? हाक मार तिले. तिच्याच तोंडून आयकतो.

विनोद : नाही, दुलया शिवणाऱ्या बायाईकडं गेली ते. अन् तिले मधात आणू नको. ते तुह्यासारखी बोलत नाही, पण त्याईचं धोतर तिनंच धुतलं. तू आली की दोन तास बोलतं. मंग पुढच्या साली पुन्हा दोन तास. वर्षाचं सगळं प्रेम एकाच दिवशी आणून टाकतं आंगणात.

रत्नमाला : झालं तुहं? आता माहं आयक. मी बाबाले घेऊन जातो. आजच. तुह्या दुलया, तुह्या पन्न्या, तुहा कुरियरवाला, घाल चुलीत. माह्या आंगणात लिंबाचं झाड हाय, त्याच्याखाली खाट टाकतो. सकाळी ऊन खातीन, संध्याकाळी विहारात नेऊन बसवतो वंदनेले. तिथं चार म्हातारे हाय, बोलाले माणसं भेटतीन. दुधात भाकर कुस्करून चारतो. पेपर वाचून दाखवतो. पाणी पाहिजे तवा पाणी. माणसावानी ठेवतो माह्या बापाले. लोकं पाह्यतीन, पोरीनं कसं केलं ते.

देवमन : मले नाही याचं, रत्ना.

रत्नमाला : तुमाले काय समजते.

देवमन : इथं काम हाय माह्याजवय.

रत्नमाला : ते काम नाही बाबा. तुमाले वापरून राह्यला तो.

देवमन : वापरू दे ना. वापरते तवरच ठेवते माणूस.

रत्नमाला : आयकलं का रे? आयकलं बाप काय बोलला ते? काय करून ठेवलं तुनं त्याईचं? मी नेतो म्हणजे नेतो. तू आडवा आला तं मी गल्लीत उभी राहून सांगीन सगयाईले.

विनोद : घेऊन जा.

रत्नमाला : काय?

विनोद : घेऊन जा म्हटलं. मी कुठं आडवा आलो. त्याईचा थैला भरेलच हाय, तो पाह्य दाराच्या मांगं. दोन धोतरं, स्वेटर, गोळ्या. गोळ्याईच्या पाकिटावर सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवलं धम्मदीपानं.

रत्नमाला : थैला कवा भरला?

विनोद : काल. तू आली नसती तं मीच उद्या आणून सोडणार होतो. भाऊसिंगशी बोलून ठेवलं. तो मेडशीवरूनच जाते.

रत्नमाला : पार्सलच्या जीपमध्ये?

विनोद : समोर बसवलं असतं, डायव्हरजवळ. मांगं नाही.

देवमन : विनोद, कोणाचा थैला भरला?

विनोद : तुमचा बाबा.

देवमन : काहून? काही चुकलं का माहं? डाव्या बाजूनं फुगते म्हणून का? मी उशी घेऊन बसतो ना आता डाव्या आंगाले. कालची पार्सलं तं बराबर होती. भाऊसिंग म्हणे, बुडा आज जोरात हाय.

विनोद : तसं नाही. तो खोका पाह्यला का खिडकीखाली? मशीन आणली. हवा ओढाची मशीन. बॅगची नळी लावली, बटन दाबलं, आतली सगळी हवा बाहेर. मुंबईच्या एका पोरानं व्हिडिओत दाखवलं होतं. आजची हे शेवटची, उद्यापासून कोणालेच बसा लागत नाही.

रत्नमाला : अशी मशीन भेटते, अन् तुले वर्षभर दिसली नाही?

विनोद : दिसली होती. बाबा होते म्हणून घेतली नाही.

रत्नमाला : मंग आता काहून घेतली?

विनोद : ते नको इचारू.

रत्नमाला : बोल ना. बापाची दया आली म्हणतं का?

विनोद : तुलेच आयकायचं हाय तं आयक. पुण्याचं एक पार्सल वापस आलं. बाळंतिणीसाठी घेतलेली दुलई होती, पोरगं आठ दिवसाचं. बॅग फोडली तं खोलीभर मुताचा वास. त्या बाईनं व्हिडिओ काढून टाकला. दुलई उलटी करून दाखवली, पिवळा डाग. म्हणे, हे लोक काय विकून राह्यले, कोणाच्या घरचं विकून राह्यले. खाली लोकाईनं काय काय लिहिलं ते वाचशीन तं रात्री झोप येणार नाही तुले. आपली जात काढली, गाव काढलं. मोबाईलवरच्या दुकानाचं नाव बदला लागलं मले. तीन वर्षाचं नाव, एका दुपारात गेलं.

रत्नमाला : हळू बोल. ते आयकून राह्यले.

विनोद : आयकू दे. मी इतके दिवस बोललो नाही त्याईले. तुनं इचारलं म्हणून बोललो.

देवमन : लाल फुलाची होती का? दुलई?

विनोद : हाव.

देवमन : मले माहीत होतं.

विनोद : काय माहीत होतं?

देवमन : त्या दिवशी जीप दारात उभी होती. भाऊसिंग हॉर्न वाजवून राह्यला होता. तू टेप मारत होता, घाईनं. म्या म्हटलं आता उठवा म्हटलं तं दुलई फुगते, अन् गाडी निंगून जाते. धरून ठेवलं. लय धरलं बाप्पा. ह्या बाजूचं समजत नाही मले, कवा सुटलं ते. मंग म्या म्हटलं, बॅगच्या वरच सांडलं असंन. आत गेलं नसंन. बोललो नाही.

विनोद : बॅगचं तोंड उघडं होतं बाबा. टेप माराचा बाकी होता.

देवमन : पोराचं आंग खराब झालं का रे? आठ दिवसाचं म्हणतं.

विनोद : झोपवलं नाही त्याच्यावर. पहिलेच वास आला.

देवमन : बरं झालं.

रत्नमाला : बाबा, रडू नका. हे घ्या, पदरानं पुसतो.

देवमन : रडत नाही. ह्या डोयातून आपोआप पाणी येते, लकव्यापासून. विनोद, ती मशीन दाखव बरं मले.

विनोद : आता कायले. ताईची गाडी हाय थोड्या वेळात.

देवमन : दाखव ना. एक दुलई दाब.

(विनोद खोका उघडतो, मशीन काढतो, दुसऱ्या बॅगेला नळी लावतो. घरघर सुरू होते आणि लगेच थांबतेही.)

देवमन : झालं?

विनोद : झालं.

देवमन : इतक्यात?

विनोद : इतक्यातच होते.

देवमन : हात लावू दे. इकडं आण, उजव्या हाताकडं. बाप्पा. पाटावानी कडक झाली. कोपरे बी बसले. मले कोपऱ्याले दहा डाव सरका लागे.

विनोद : हाव.

देवमन : पण घरी जाऊन फुगते का वापस? माही दुलई सोडली की श्वास घेतल्यावानी फुगे. रुईले इतकं दाबलं तं तिचे गोये होतात, मंग पांघरा कशी.

विनोद : रुई बंद केली बाबा. आता फायबर भरतो. हलकं राह्यते, दाबलं तरी फुगते. शिलाईवाल्या बायाईले बी सांगून टाकलं, रुई आणू नका.

देवमन : रुईच बंद केली.

विनोद : जड पडते.

देवमन : हाव. जड तं पडते.

विनोद : चाल ताई, पकड एका बाजूनं. दगड मी काढतो, तू गमछा सोड. बाहेरपर्यंत नेऊ, रिक्षात बसवू, स्टँडवर मी येतो तुह्यासंग चढवाले.

रत्नमाला : आज?

विनोद : तूच म्हटलं आजच.

रत्नमाला : म्हटलं रे, रागात म्हटलं. असं एकदम कसं नेऊ? घरी उत्कर्षच्या बाबाले इचारलं नाही मी. ते असे बोलत नाही, पण आतल्या आत धरून ठेवतात.

विनोद : फोन लाव. माह्या फोनवरून लाव.

रत्नमाला : आता ते वावरात असतीन. अन् उत्कर्षचं बारावीचं वर्ष हाय. एकच खोली त्याले अभ्यासाले. रात्री बाबा खोकलतात, उठवा लागते.

विनोद : खोलीत कायले? तू तं लिंबाच्या झाडाखाली खाट टाकणार होती.

रत्नमाला : थंडी हाय ना.

विनोद : दुलई देतो. दोन देतो. कुरियरचं भाडं बी घेत नाही.

रत्नमाला : संडास आंगणाच्या पल्याड हाय आमचा. मी एकटी कशी नेऊ त्याईले, माही कंबर धरेल राह्यते. धम्मदीपाची गोष्ट वेगळी, ते तरुण हाय. पुढच्या महिन्यात त्याची सराव परीक्षा झाली की येतो. संक्रांत झाली की पक्कं येतो. बाबा, तुमी सांगा याले, असं घाईनं होत असते का?

विनोद : गेल्या साली तू म्हटलं नेतो, मी नाही म्हटलं. त्याच्या पहिले बी तेच. मी नाही म्हणतो म्हणून तं तू दर साली येतं, ताई. अन् मेडशीले जाऊन सांगतं, भाऊ सोडत नाही. आज मी हाव म्हटलं तं तुही कंबर धरली.

रत्नमाला : तू मुद्दाम केलं हे. मले उघडी पाडाले केलं.

विनोद : मले खाटेची जागा पाहिजे होती. तू उघडी पडली ते वरतून.

रत्नमाला : नीच हाय तू.

विनोद : हाव. अन् तू?

देवमन : बस करा. रत्ना, तुही गाडी चुकते.

रत्नमाला : बाबा, मी खरंच नेणार हाय तुमाले. असं समजू नका.

देवमन : मीच नाही म्हटलं. तुह्या देखत म्हटलं ना, मले नाही याचं. मेडशीले तेच सांगजो. बाप आला नाही म्हणजो. हट्टी हाय म्हणजो. कोणी इचारलं की असंच सांगजो, उत्कर्षच्या बाबाले बी.

रत्नमाला : पुढच्या महिन्यात येतो मी.

देवमन : ये. उत्कर्षले म्हणजो, आजा इचारत होता. अभ्यास करजो म्हणा.

रत्नमाला : पाया पडतो बाबा. हे हात किती थंड हाय तुमचे. विनोद, पाणी दे त्याईले. तेवढं तरी दे.

विनोद : देतो. तू एक दुलई घेऊन जा. घरून रिकाम्या हातानं जाऊ नये पोरीनं.

रत्नमाला : मले नको तुही दुलई.

विनोद : घे. उत्कर्षले होईन अभ्यासाले बसताना. बाबाच्या खालची काढून देऊ का? रुईची हाय, शेवटची.

रत्नमाला : ते नको. ते वागवत नाही एसटीत, मांडीवर घ्या लागते. ती दे, मशीनची. ती थैल्यात मावते.

विनोद : घे. घरी गेल्यावर टोपण उघडजो, आपणच फुगते.

रत्नमाला : येतो बाबा.

देवमन : ये माय. रस्त्यानं पाहून जाजो. ट्रक लय जोरात येतात तिथं.

विनोद : गेली. चाला बाबा, दगड काढू आता. जड झाला का? कवाच सांगतलं असतं तं कवाच काढला असता.

देवमन : जड नाही. सवय झाली होती.

विनोद : उजवा हात माह्या खांद्यावर टाका. असं. हळू. पाय सोडा मोकळे.

देवमन : मुंग्या आल्या. कुठं नेतं? खाटेवर?

विनोद : खाट मांगं टाकली टिनाखाली. इथं टेबल येते मशीनचा. सध्या भिताडाले टेकून बसा, मी संध्याकाळी जागा पाह्यतो काहीतरी.

देवमन : इथं बसलो तं तुह्या पायात नाही ना येत?

विनोद : उलीसक कोपऱ्यात सरका. हाव, तिथं. हे घ्या पाणी. प्या, पोटभर प्या. आता काही अडचण नाही.

देवमन : हाव. आता काय अडचण. थंड हाय पाणी. विनोद?

विनोद : काय?

देवमन : ते लाल फुलाची दुलई, वापस आलेली, फेकली का?

विनोद : जाळली.

देवमन : बरं केलं. अन् मशीन लाईनवर चालते ना?

विनोद : मंग कशावर चालंन.

देवमन : लाईन तं जाते आपल्या इथं. ह्या हप्त्यात रोज दुपारी गेली. अन् तवाच तुह्या पिकअपची येळ राह्यते. तवा काय करशीन?

विनोद : इन्व्हर्टर सांगतला बाबा. सोमवारी येते.

देवमन : मंग सोमवारपर्यंत हाक मारजो. मी जागाच असतो.